सोळा भोकांचं कार्ड

जुळे सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. प्रभाअक्कास,
कुंडलिकचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस, म्हणून हा कागद. दाजी गेल्यापासून नातेपुत्यातलं टीव्हीदुरुस्तीचं दुकान तू एकटी चालवतेस, तेव्हा असल्या वस्तूंतलं तुला थोडंफार कळत असेल, असं विजयमालाचं म्हणणं. मला तशी खात्री नाही, पण बायकोचा शब्द मोडवत नाही.

नोव्हेंबरात मी आमच्या सोसायटीचा अध्यक्ष झालो, हे तुला दोनदा कळवलं आहे. अभिनंदनाची एक ओळ तुझ्याकडून आली नाही. असो.

विषय पाण्याचा आहे. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी, दुपारी पाणी येतं. ब इमारत उताराला आहे, त्यामुळे पाणी आपसूक आधी तिच्या टाकीत जातं. तासाभरानं ब इमारतीचा कॉक बंद केला की मग आमच्या अ इमारतीची टाकी भरते. वॉचमन मल्लप्पा हे काम अकरा वर्षं करतो आहे. तो आणि सोसायटीत घरोघरी भांडी घासणारी त्याची बायको मायाक्का फाटकाजवळच्या खोलीत राहतात. पण गेले दोन महिने आमची टाकी अर्धीच भरते. बंद केलेला कॉक कोणीतरी पुन्हा सोडतंय. आता दर पाण्याच्या दिवशी मी स्वतः दुपारची झोप मोडून जातो आणि कॉक घट्ट करतो. प्रत्येक वेळी सैल सापडतो! एकदा तर चांगला दीड फेरा फिरला. मल्लप्पा ब इमारतीकडून चहापाणी घेत असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पुरावा हवा.

म्हणून कॅमेरे बसवायचं ठरलं आहे. एका सभासदानं त्याचा जुना कॉम्प्युटर सोसायटीला भेट दिला. त्यात रेकॉर्डिंगचं कार्ड घातलं की सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण त्यातच साठतं. दुकानदारानं दोन कार्डं दाखवली. एकाला सोळा कॅमेरे जोडता येतात, दुसऱ्याला आठ, आणि किमती जवळपास सारख्याच. म्हणजे सोळाचं घ्यायचं हे उघडच आहे. पण मी चौतीस वर्षं कचेरीत हेडक्लार्की केली आहे, लेखी अभिप्रायाशिवाय मी खरेदी करत नाही. तेव्हा चार ओळींचा अभिप्राय पाठव. मोजकं आणि मुद्द्याचं लिही.

तुझा,
कुंडलिक

---

नातेपुते
९ फेब्रुवारी २०२५

चि. कुंडलिक यास अनेक आशीर्वाद.

अभिनंदन कशाचं करू? इतर तेवीस घरं नाही म्हणाली आणि तू हो म्हणालास, याचं?

अभिप्राय हवा ना, घे. आठचं कार्ड घे. सोळाचं दुकानदाराच्या तोंडावर फेक.

आता कारण सांगते, तुझ्या डोक्यात शिरेल अशा भाषेत. कार्डाला सोळा भोकं आहेत म्हणून ते सोळा कॅमेरे नीट टिपतं असं नसतं. पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणून घरात पाच नळ बसवले तर पाणी वाढतं का रे? खोक्याच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे कार्ड एका सेकंदात एकूण किती चित्रं घेतं. चष्मा लावून वाच. तुझ्या सोळाच्या कार्डावर बहुतेक पंचवीस लिहिलं असेल, आणि ती सगळ्या कॅमेऱ्यांत मिळून. सोळा जणांत वाटून बघ. एकेकाच्या वाट्याला दीड चित्र. तेवढंही तुझा तो भिकेतला कॉम्प्युटर लिहून घेणार नाही, दोन-तीन सेकंदांनी एक पडलं तर नशीब. मधल्या वेळात तुझ्या डोक्यावरची टोपी कोणी उडवली तर एका चित्रात टोपीवाला कुंडलिक दिसेल आणि पुढच्यात बोडका. टोपी नेणारा दिसायचाच नाही. आठच्या कार्डावर प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी पंचवीस मिळतात का एवढं विचार, मिळत असतील तर डोळे मिटून घे. आणि कॉक एक आहे ना? मग एक कॅमेरा कॉकवर, दोन फाटकावर, उरलेले कुठं लावायचे ते लाव. सोळा कशाला हवेत, जिन्यातल्या चपला मोजायला?

पण तुला मी ओळखून आहे. जास्त आकडा दिसला की तू पाघळतोस. फक्त दहावीच्या गणितात आकडा कमी पडला, तेवीस, आणि आईला तू सांगितलंस की बोर्डानं पेपर हरवला. आणि कॉकच्या गोष्टी तू कोणाला सांगतोस? बारावीला असताना मोरीतला नळ बंद करता येईना म्हणून तू रडत रडत बादल्या भरत बसला होतास. आई आल्यावर तिनं एका बोटानं बंद केला. तो मुलगा आता चोवीस घरांचं पाणी सांभाळतोय. उंटावरचा शहाणा.

मल्लप्पाच्या नावानं बोंब मारण्याआधी नीट बघ. अकरा वर्षं ज्यानं कॉक सांभाळला त्याला दोन महिन्यांत चोरी सुचली होय?

पाकिटावर ठळक अक्षरात 'मा. अध्यक्ष महोदय' आणि सोसायटीचं पूर्ण नाव लिहिलं आहे. बघून पोट भरेल तुझं. विजयमालाला आशीर्वाद.

प्रभा

---

जुळे सोलापूर
१० मार्च २०२५

संदर्भ : आपले दि. ९ फेब्रुवारीचे पत्र, आवक क्र. ४१

श्रीमती प्रभाताई यांस,

आपल्या पत्राची पोच उशिरा देत आहे. कारण पुढीलप्रमाणे.

अध्यक्षांच्या पदनामानं आलेलं पाकीट अध्यक्ष फोडत नाही. ते सचिवांकडे जातं, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि सभेत ते शब्दशः वाचलं जातं. हा नियम मीच घालून दिला आहे. १६ फेब्रुवारीच्या सभेत आमच्या सचिव वैजयंतीबाईंनी आपलं पत्र मोठ्यानं वाचलं. तेवीस मार्कांपर्यंत आल्यावर त्या थांबल्या. मी म्हणालो, पुढं वाचा, नियम म्हणजे नियम. मग त्यांनी मोरीतला नळही वाचला. चोवीस घरं हसली, अक्का. विजयमालाही हसली. चहा घेऊन आलेला मल्लप्पा तेवढा ट्रे धरून दाराशी उभा होता.

सभेनं त्यानंतर सोळाचं कार्ड घेण्याचा ठराव केला. सूचक मीच. 'तज्ज्ञांचा अभिप्राय वैयक्तिक स्वरूपाचा असल्याने विचारात घेतला नाही' असं इतिवृत्तात नोंदवलं आहे.

आता ऐका. आपलं सगळं ज्ञान धाब्यावर बसवून ते कार्ड उत्तम चालतं आहे. पडद्यावर सोळा चौकोन एकाच वेळी दिसतात, बघणाऱ्याची छाती दडपते. आणि ६ मार्चला, पाण्याच्या दिवशी, चोर सापडला. कॉकच्या चाकावर हात ठेवून वाकलेला मल्लप्पा स्वच्छ दिसतो आहे. वेळ चार वाजून बावन्न मिनिटं. त्या वेळी कॉकला हात लावायचं त्याला काही कारण नव्हतं, कारण तो सव्वाचारलाच बंद झाला होता. चित्राची मोठी प्रत काढून मी कालच्या सभेत फिरवली. महिनाअखेर खोली रिकामी करायची असं त्याला लेखी दिलं आहे.

यापुढं जे लिहायचं ते घरच्या पत्त्यावर लिहावं.

कुंडलिक

---

नातेपुते
१५ मार्च २०२५

चि. कुंडलिक,

आधी तुझं ते 'आपण' काढून टाक. मी तुझी लंगोटं धुतली आहेत.

लोक हसले तर हसले. हसण्यानं कोणी मरत नाही. आणि स्वतःच्या बहिणीच्या पत्राला आवक क्रमांक टाकणाऱ्या माणसाला बघून त्यांनी हसू नये तर काय आरती करावी? रागावून तू चुकीचं कार्ड घेतलंस, म्हणजे माझं नाक कापायला स्वतःचं कापून घेतलंस. ते मला नवीन नाही.

पण दुसऱ्या गोष्टीनं मला झोप लागेना. एका चित्रावरून तू माणसाला घराबाहेर काढतोस? चाकावर हात आहे एवढं कळलं. हात सोडतोय की बंद करतोय, ते चित्रात दिसतं का? अरे, स्थिर चित्रात कॉक सोडणारा आणि बंद करणारा सारखाच दिसतो. त्याच्या आधी तिथं कोण होतं, नंतर कोण आलं? मल्लप्पा स्वतः काय म्हणाला? तू विचारलंस का, की नुसती प्रत फिरवलीस? चोर सोडून संन्याशाला फाशी, असं व्हायला नको.

त्या दिवसाचं चार ते पाचचं सगळं चित्रण एका पेनड्राइव्हवर घालून पाठव. कापाकापी करू नकोस. मी इथं दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघते. चूक माझी निघाली तर तुझ्या सोसायटीत येऊन चोवीस घरांसमोर कान धरीन.

प्रभा

---

जुळे सोलापूर
२२ मार्च २०२५

ती. अक्कास,

पेनड्राइव्ह सोबत आहे. कापाकापी मला येतही नाही, अख्खा तास आहे. त्यात साडेचारच्या सुमारास कॉकजवळ मीही दिसतो. तो मी पाहणीला गेलो होतो तेव्हाचा, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. त्या दिवशीही कॉक सैलच होता. मी घट्ट करून आलो आणि वीस मिनिटांत हा तिथं हजर!

मल्लप्पाला विचारलं होतं. आम्ही काही रानटी नाही. सभेत त्याला उभं केलं. तो खाली बघून एवढंच म्हणाला, "मी बंद केलो साहेब, सोडलो नाही." मी विचारलं, मग सोडला कोणी? तर गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. खरं असतं तर माणूस नाव घेतो. गप्प बसतो तो चोर, हे माझं चौतीस वर्षांचं निरीक्षण आहे.

महिनाअखेरीची वाट न बघता ते १८ तारखेलाच गेले. मायाक्का जाताना प्रत्येक दारापुढं एकेक मिनिट उभी राहिली. आमच्या दारापुढं थांबली नाही. विजयमाला त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. भांडी आता तिलाच घासावी लागतात, राग त्याचा असेल.

अक्कलकोट रोडला मल्लप्पाचा भाऊ राहतो, तिकडं गेलेत म्हणे. नवीन वॉचमन अजून मिळाला नाही. तोवर कॉक मीच बघतो. काल दोन्ही वेळा, बंद करताना आणि मग पाहणीला, मीच गेलो. तरी आमची टाकी भरली नाही. ब इमारतीची मात्र भरून वाहत होती. मल्लप्पानं जाण्याआधी कॉकमध्ये काहीतरी बिघाड करून ठेवला असावा.

तू बघ आणि कान धरायची तयारी ठेव.

कुंडलिक

---

नातेपुते
२९ मार्च २०२५

चि. कुंडलिक,

हे पत्र घरच्या पत्त्यावर, तुझ्या नावानं पाठवते आहे. एकट्यानं वाच.

मी तो तास चार वेळा बघितला. तुझ्या कार्डानं तासाभरात कॉकची जेमतेम बाराशे-चौदाशे चित्रं टिपली आहेत, म्हणजे जवळजवळ तीन सेकंदांना एक. हात फिरताना कोणाचाच दिसत नाही. पण चाक दिसतं. उन्हानं तापतं म्हणून मल्लप्पानं त्याच्या एका दांडीला लाल फडकं बांधलं आहे. माझं आयुष्य टीव्हीची बटणं फिरवण्यात गेलं, तेव्हा माणसापेक्षा मी त्या फडक्याकडंच बघत बसले.

सव्वाचारला मल्लप्पा येतो. तो गेल्यावर फडकं खाली लोंबतं. म्हणजे कॉक बंद. पुढं वीस मिनिटं तिथं कोणी येत नाही, फडकं खालीच. मग तू येतोस. एका चित्रात तू भिंतीवरून वाकलेला दिसतोस, दोन चित्रांनंतर रुमालानं हात पुसताना. आणि तू गेल्यावर फडकं वर आहे. चार बावन्नला मल्लप्पा येतो, चाकावर हात ठेवतो, तेच तू सभेत फिरवलेलं चित्र. तो गेल्यावर फडकं पुन्हा खाली.

कॉक तू सोडतोस, कुंडलिक. चाकाचं तोंड मोकळ्या अंगाला आहे आणि तू पलीकडच्या पायवाटेवरून, भिंतीवरून मागून हात घालतोस. समोरून उजवीकडं फिरवलं की बंद होतं. मागून तुझा उजवा तो त्याचा डावा. तू घट्ट करायला म्हणून सोडतोस, चाक फिरतं म्हणून तुला वाटतं की सैल होतं, आणि दर पाण्याच्या दिवशी तू स्वतःच्याच टाकीचं पाणी ब इमारतीला देऊन येतोस. तक्रार सुरू झाली ती तू अध्यक्ष झाल्यावरच. मल्लप्पा तुझ्या मागनं जाऊन बंद करायचा. त्याला यायला उशीर झाला त्या दिवशी तुमची टाकी अर्धी राहायची.

आठचं कार्ड असतं तर तुझा हात फिरताना दिसला असता आणि तू त्याच वेळी हसून मोकळा झाला असतास.

इथवर लिहिलं आणि पुढं तुझी खरडपट्टी काढायला घेतली. दोन पानं लिहिली, फार छान जमली होती. मग फाडून टाकली. कारण आठचं कार्ड तू का घेतलं नाहीस ते मला माहीत आहे. मी बरोबर तेच सांगितलं होतं, पण अशा जिभेनं सांगितलं की ते ऐकणं तुला शक्यच नव्हतं. पाकिटावरही मस्करी केली. तेवीस मार्क आणि मोरीचा नळ यांच्याशिवाय ते पत्र दहा ओळींत झालं असतं, आणि मल्लप्पा आज त्याच्या खोलीत असता. मला लाज वाटते. हे मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा जपून वाच.

तू त्याच्याकडं जा. चिठ्ठी पाठवू नकोस, निरोप देऊ नकोस, स्वतः जा.

प्रभा

---

जुळे सोलापूर
१४ एप्रिल २०२५

अक्का,

पत्र आलं त्या दिवशी मी कोणाला काही न सांगता कॉकजवळ गेलो. पुढून फिरवून बघितला, मग मागून फिरवून बघितला. नंतर तिथंच पायरीवर बराच वेळ बसलो. ऊन होतं तरी उठावंसं वाटेना.

६ तारखेच्या रविवारी सभा घेतली आणि तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकट्यानं वाच असं तू लिहिलं होतंस ते वाक्यसुद्धा. या वेळी कोणी हसलं नाही. वैजयंतीबाई म्हणाल्या, ठराव करून मल्लप्पाला परत बोलावू. मी म्हणालो, ठराव नको, आधी मी जाऊन येतो.

काल विजयमालाला स्कूटरवर मागं बसवून अक्कलकोट रोडला गेलो. मल्लप्पाच्या भावाचं घर शोधायला तासभर गेला. मायाक्का दारात भाजी निवडत होती. तिनं आम्हाला बघितलं आणि ताट उचलून आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. मल्लप्पानं मात्र खुर्ची आणून ठेवली, फडक्यानं पुसली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, कॉक मी सोडत होतो, तुझ्यावर आळ घेतला, माझं चुकलं. 

तो म्हणाला, "मला ठावं होतं साहेब. तुमी मागनं हात घालत होता की. मागनं घातलं की उलटं होतंय. मी बघितलो होतो पयल्याच दिवशी."

मी ओरडलोच. म्हणालो, मग सांगितलं का नाहीस? तीन महिने माझ्या मागनं जाऊन बंद करत बसलास, सभेत तीनदा विचारलं तेव्हाही गप्प राहिलास?

तेवढ्यात मायाक्का आतून म्हणाली, "मी असते तर सांगितले असते. चोवीस घरात वरडून सांगितले असते." मल्लप्पानं तिला हातानं गप्प केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आधी वाटलं एकट्यात सांगू, सवडीनं. मग ताईंचं पत्र वाचलं त्या दिवशी मी दाराशी होतो. तुमाला नळ बंद करायला येत नाही म्हणून सगळे हसले. तुमचं तोंड मी बघितलो, साहेब. नंतर तुमीच कॉक सोडता म्हणून सभेत कसं सांगायचं? परत हसले असते की."

विजयमाला रडायला लागली. मला तेही जमेना.

तो परत येणार नाही. एका मंगल कार्यालयात रखवालीचं काम मिळालं आहे, तिथं खोली नाही, म्हणून भावाच्या दोन खोल्यांत आता आठ माणसं राहतात. फाटकाजवळची खोली तुझीच आहे असं मी सांगितलं, तर म्हणाला, "नको साहेब. आता तुमाला माझ्याकडं बघायला जड जाईल." निघताना तो स्कूटरपर्यंत पोचवायला आला आणि कॉक समोरून कसा धरायचा ते त्यानं मला हातानं हवेत फिरवून दाखवलं. दोनदा दाखवलं आणि मग मला करून दाखवायला लावलं.

कुंडलिक